वीतभर शेवंती

शेवंती हे झाड दिसायला सोज्वळ, पण वागायला अगदी बेशिस्त. आषाढात लावावं तर भाद्रपदापर्यंत कमरेला लागतं, आणि कार्तिकात फुलांचा भार आला की लग्नात दमलेल्या वऱ्हाड्यासारखं शेजारच्याच्या अंगावर कलंडतं. मग काठ्या रोवा, सुतळ्या बांधा. सांगलीच्या विष्णुपंत वकिलांना या काठ्यांचा मनस्वी राग. कोर्टात ते कितीही वाकडंतिकडं सहन करत असतील, घरी त्यांना सगळं सरळ आणि सारखं लागे. फाटकापासून पायरीपर्यंत वाटेच्या दोन्ही अंगांना शेवंतीची अशी ओळ हवी, की काठी नको, सुतळी नको आणि एकाची मान दुसऱ्याच्या वर नको, असं त्यांनी एकोणीसशे अडतीस साली आपल्या नव्या माळ्याला सांगितलं. आधीच्या माळ्यांनी हे ऐकून हसून मान डोलावली होती आणि पुन्हा काठ्याच रोवल्या होत्या. हा नवा माळी हसला नाही. त्याचं नाव नाथाजी. तो आष्ट्याचा होता.

नाथाजीची बायको राहीबाई आष्ट्यातच सासूजवळ राहत असे. ही गोष्ट खरं तर तिची. ती खटावकडची, वडूजजवळच्या एका माळरानावरच्या वाडीतली. लग्न होऊन आष्ट्याला आली तेव्हा उसाच्या पाटातून वाहणारं पाणी बघून ती पहिले दोन दिवस नुसती पाटाशी उभी राहिली होती म्हणे. सासू अंबूबाई त्यावरून तिला पुढं कैक वर्षं चिडवायची. मूलबाळ नव्हतं. नवरा पंधरा दिवसांनी एकदा सांगलीहून यायचा आणि आला की शेवंतीचं बोलायचा. दुसरीच्या नवऱ्यानं असं केलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता. राहीबाई मात्र मांडीवर तांदूळ निवडत मन लावून ऐकायची, कारण त्याच्या तोंडून ते ऐकताना तिला बरं वाटायचं.

शेवंती कुणी बी पेरून लावत नाही. फुलं होऊन गेली की जुन्या झाडाच्या बुडातून काश्या फुटतात. त्या मुळासकट वेगळ्या करून लावल्या की जशी आई तशी लेक. उंचीचीही तीच गत, आई कमरेइतकी तर लेकही कमरेइतकी. नाथाजीनं विचार केला, आपल्याला आईपेक्षा वेगळी लेक हवी, म्हणजे बीच पेरायला हवं. त्यानं वाळकी बोंडं चुरून बी गोळा केलं आणि वकिलांच्या बागेच्या मागच्या अंगाला दोनशे रोपं केली. विष्णुपंतांनी सुचवलं, शेंडे खूड म्हणजे आपोआप ठेंगणी राहतील. नाथाजी म्हणाला, "खुडल्यावर ते आपल्या भयानं बुटकं ऱ्हातंय, सायेब. मला जातीचं बुटकं पायजे." कार्तिकात दोनशे रोपं फुलली. त्यात लांबोडकी, फताडी, वेडीवाकडी सगळी होती. एक मात्र वीतभर उंच, पिवळं, गच्च फुटलेलं आणि कुणाच्या आधाराशिवाय उभं. त्या दिवशी नाथाजी मधल्या दिवशीच सुट्टी घेऊन आष्ट्याला आला. एवढं काय झालं म्हणून राहीबाई घाबरली, तर त्यानं टोपीतून एक फूल काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

त्या एका झाडातही खोट निघाली. एक फांदी आज फुले, दुसरी पंधरा दिवसांनी. वकिलांना तर सगळी ओळ एकदम फुललेली हवी होती. म्हणून नाथाजीनं त्याचंही बी धरलं आणि एक्केचाळीसच्या वैशाखात त्या बियांची साठ रोपं केली. पण तेवढ्यात गावोगाव लढाईची भरती सुरू झाली. आष्ट्यातले जोडीदार निघाले, तसं नाथाजीनंही नाव घातलं. जाण्याआधी त्यानं ती साठ रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आष्ट्याला आणली आणि घरामागच्या वाफ्यात स्वतःच्या हातानं लावली. सांगलीत कोण नवा माळी येईल आणि काय करील याचा भरवसा नव्हता. बायकोचा होता.

बेळगावला जायच्या आदल्या दुपारी त्यानं राहीबाईला वाफ्याशी बसवलं. तिचा पंजा पसरून जमिनीवर उभा धरला, अंगठा मातीत आणि करंगळी वर.

"ही तुझी वीत. कार्तिकात फुलं धरली की एकेका झाडाला लावून बघायची. वितीच्या वर गेलं ते उपटायचं. त्याच दिवशी. फुलं हायत म्हनून ठेवायचं न्हाई."

"एवढी फुललेली?"

"फुललेली म्हनूनच. माश्या ह्याचं त्याला लावत्यात, बी पडतंय, आन पुढच्या साली वाफा परत उंच. चार वर्सं उपटलं की ऱ्हाईल ती जातीची बुटकी. वकिलांची वळ त्यातनं हुईल. मी येस्तवर एवढं एकच कर."

"करीन की," राहीबाई म्हणाली.

नवरा लढाईवर निघालेला असताना बाई दुसरं काय म्हणणार? तिनं मनापासून हो म्हटलं होतं.

कार्तिक आला. वाफा असा फुलला की वाटेनं जाणारी बाई डोक्यावरची घागर सावरत थांबायची. पिवळी, तांबूस, पांढरी, कडेला लाली धरलेली, सगळी फुलं. राहीबाई अंघोळ करून वाफ्याशी गेली आणि तिनं एकेका झाडाला वीत लावली. बावीस झाडं वितीच्या आत भरली. अडतीस वर गेली. पहिल्या उंच झाडाच्या बुडाशी तिनं मूठ घातली आणि हात तिथंच थांबला.

तिच्या माहेरी फुलावर आलेलं झाड कुणी उपटत नसे. आष्ट्याच्या पाण्यातल्या लोकांना हे कळायचं नाही. खटावकडं पाऊस पाठ फिरवतो तेव्हा निम्मी झाडं फुलायच्या आधीच वाळून जातात. जे फुलावर येतं ते मोठ्या कष्टानं आलेलं असतं, आणि त्याला हात लावायचा नाही हा तिथल्या बायकांचा नेम. भांगलायला बसलेली बाई तणाला फूल दिसलं तर त्याला वळसा घालून पुढं सरकते. आणि घरातलं माणूस परमुलखात असलं तर विचारायलाच नको. तो माणूस परत येईपर्यंत घरची बाई फुललेलं झाड तर सोडाच, फुललेली फांदीसुद्धा मोडत नाही. राहीबाईचा भाऊ मुंबईला गिरणीत होता तेव्हा तिच्या आईनं दारातली तुळस मंजिऱ्यांनी वाकली तरी छाटली नव्हती. हे कुणी राहीबाईला बसवून शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच मुरलेलं होतं, आणि ते तिच्या मुठीनं आधी ओळखलं.

ती उठून घरात गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा मूठ घातली, पुन्हा सोडली. अंबूबाई ओसरीवरून बघत होती. ती म्हणाली, "लेकानं सांगितलंय न्हवं? उपट की." राहीबाई म्हणाली, "तुमीच उपटा, आत्याबाई." अंबूबाईनं पाय खाली सोडले, थोडा वेळ वाफ्याकडं पाहिलं आणि पाय पुन्हा वर घेतले.

पंधरवड्यानं नाथाजीचं पत्र आलं. शाळेतले गोपाळकृष्ण मास्तर गावातल्या फौजी घरांची पत्रं वाचून दाखवत आणि उत्तरंही लिहून देत. पत्रात आईची तब्येत होती, बेळगावची थंडी होती आणि शेवटी विचारलं होतं, शेवंती किती राहिली.

"काय लिहू?" मास्तरांनी टाक शाईत बुडवला.

"बावीस ऱ्हायली. बाकीची उपटली."

मास्तर शाळेला जाता-येता रोज त्या वाफ्यावरून जात. कमरेइतकी फुललेली झाडं त्यांनी तासाभरापूर्वीच पाहिली होती. ते चष्म्यावरून राहीबाईकडं बघत राहिले.

"उपटली म्हणून लिहू?"

"लिवा."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात मुलांच्या वहीतली काना-मात्रेची चूक न सोडणाऱ्या त्या माणसानं धडधडीत खोटं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिलं. शिक्षकाला हे शोभत नाही असं कुणी म्हणेल. मला मास्तरांबद्दल तेव्हापासून जास्त आदर वाटतो.

त्या एका वाक्यानं राहीबाई चार वर्षं जळली. नवऱ्यानं तिच्याकडं एकच गोष्ट मागितली होती. दागिना मोडू नकोस म्हणाला नव्हता, माहेरी जाऊ नकोस म्हणाला नव्हता, फक्त उंच झाडं उपट म्हणाला होता. ती उपटली तर तिकडं त्याचं काही वाईट होईल ही तिची भीती. नाही उपटली तर त्याची शेवंती संपणार, हेही तिला डोळ्यांनी दिसत होतं. उंच झाडांची सावली बुटक्यांवर पडायची आणि ती पिवळी पडत जायची. तिनं उंच झाडांना जोंधळ्याच्या ताटांचा आधार देऊन बांधून ठेवलं, म्हणजे निदान ती बुटक्यांच्या अंगावर पडणार नाहीत. ज्या काठ्या घालवायला नवऱ्यानं एवढा उद्योग केला, त्या काठ्या ती त्याच्याच वाफ्यात रोवत होती. एका साली तिनं बुटक्यांना तांबडा दोरा बांधून खूण केली आणि माघात त्यांच्या निम्म्या काश्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन लावल्या. त्या पावसाळ्यात उसाच्या पाटाचं पाणी तिथं तुंबलं आणि सगळ्या कुजल्या. त्यानंतर तिनं हलवाहलव केली नाही. बावीसची पंधरा झाली, पंधराची नऊ.

पत्रं मात्र येत राहिली. नाथाजी आधी बसऱ्याला होता, मग मिसरात, मग इटलीत. दर पत्रात शेवटची ओळ शेवंतीची. उत्तरात दर कार्तिकाला मास्तर लिहीत, उंच झाडं उपटली, वाफा सारखा आहे. एकदा त्याचं पत्र आलं की साऱ्या पलटणीला माझी वीतभर शेवंती ठाऊक झाली आहे, सगळे म्हणतात लढाई संपली की आष्ट्याला बघायला येणार. राहीबाई पदराचं टोक दातात धरून बसली होती. घरी येऊन ती वाफ्याशी गेली आणि झाडांना म्हणाली, "मरा की गं आपल्या आपन!" झाडं कसली मरतात, त्या साली ती आणखीच फोफावली.

पंचेचाळीसच्या वैशाखात लढाई संपल्याची बातमी आणि नाथाजीबद्दलची तार एकाच आठवड्यात आष्ट्यात आली. बातमी आधी आली होती. त्या आनंदात राहीबाईनं आणलेल्या साखरेची पुडी अजून घरात होती. तार मास्तरांनीच वाचली. इटलीत एका नदीकाठी चैत्रात तो गेला होता, म्हणजे तिनं मारुतीपुढं साखर ठेवली तेव्हा तो नव्हताच. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. अंबूबाईनं अंथरूण धरलं. राहीबाई रडली नाही. गावानं ते पाहिलं आणि गावाला ते आवडलं नाही. बाई घट्ट काळजाची आहे असं लोक म्हणू लागले. काळजाचं सोडा, तिचा विश्वासच बसला नव्हता. तिनं त्याला मेलेला पाहिला नव्हता, त्याची राख पाहिली नव्हती. कागदाच्या चार ओळींवर विश्वास कसा ठेवायचा? कागदावर खोटंही लिहितात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्या साली आषाढात तिनं वाफा पुन्हा खुरपला, शेणखत घातलं, पाणी दिलं. कार्तिकात झाडं फुलली. आता उपटायला काय हरकत, असं अंथरुणातून अंबूबाई एकदा म्हणाली. ज्याच्यासाठी नेम होता तोच उरला नाही. राहीबाईला ते पटेना. झाडं उपटायची म्हणजे तो येणार नाही असं आपल्या हातानं कबूल करायचं. तारेचं ते तार जाणे, तिचे हात कबूल करायला तयार नव्हते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दारात एक माणूस आला. अंगात खाकी कोट, पायात फौजी बूट, खांद्याला कापडी पिशवी.

"नाथाजीचं घर ह्येच का?"

राहीबाई ओसरीच्या खांबाशी उभी राहिली. "व्हय. तुमी कोन?"

"मी जोतिबा. तेच्या पलटनीतला. एकाच तंबूत हुतो आमी, वैनी." त्यानं पिशवी ओसरीवर ठेवली. "गाव माजं वडूज. तुमच्या म्हायेराकडचाच मी."

पिशवीत नाथाजीचा वस्तरा होता, एक चाकू आणि दोऱ्यानं बांधलेला पत्रांचा गठ्ठा. अंबूबाईनं ते सगळं पोटाशी धरलं आणि भिंतीकडं तोंड केलं. राहीबाईनं पाहुण्याला पाणी दिलं, गूळ दिला. जोतिबानं तांब्या खाली ठेवला आणि जे विचारू नये म्हणून ती मनात देवाला आळवत होती तेच विचारलं.

"वैनी, ती शेवंती कुठं हाय?"

"हाय मागं." ती जागची हलली नाही. "मागनं बघा. आधी जेवा."

"जेवन मागनं. मी तेच्यासाठीच थांबलो हुतो. तेनं सांगितलं हुतं, फुलं असताना जा."

आता लपवायला जागा उरली नव्हती. राहीबाई पुढं झाली. परसदारी जोतिबा वाफ्याच्या कडेला उभा राहिला. समोर कमरेइतकी, कुठं छातीइतकी शेवंती, पिवळी, पांढरी, तांबडी, जोंधळ्याच्या ताटांना बांधलेली, वाऱ्यानं इकडून तिकडं कलंडणारी. साऱ्या पलटणीनं मनातल्या मनात पाहिलेला तो सारखा, वीतभर उंचीचा वाफा कुठंच नव्हता.

राहीबाईनं मान खाली घातली. चार वर्षं मास्तरांखेरीज कुणाला न सांगितलेलं ती एका परक्या माणसाला सांगू लागली.

"दादा, मी त्यास्नी खोटं कळवलं. एकबी झाड उपटलं न्हाई. दर साली उपटली म्हनून लिवायला लावलं. त्येंनी एकच सांगितलं हुतं, आन तेवढंबी केलं न्हाई मी. खोट्यावर इश्वास ठेवून गेलं ते."

"न्हाई वैनी," जोतिबा म्हणाला. "तेला म्हाईत हुतं."

तिनं मान वर केली.

जोतिबा वाफ्याच्या वरंब्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इटलीत थंडीचं दिस हुतं. तुमचं पत्र आलं. तेनं आमास्नी वाचून दावलं. उंच झाडं उपटली, वाफा सारखा हाय. लय खुशीत हुता. मी सहज इचारलं, वैनी कुठल्या रं? म्हनला, खटावकडच्या. मला हसू आलं. मी म्हनलं, गड्या, आमच्याकडची बाई फुलावरचं झाड उपटत न्हाई. मानूस परमुलखात असलं तर मरंल पन उपटायची न्हाई. ती तुला बनवतीया."

"मग?"

"मग गप झाला. मला वाटलं, उगंच बोललो. तेची चार वर्सांची मेहनत. म्हनला बी, माजी शेवंती गेली रं जोतिबा. आन मग हसाय लागला. हसता हसता डोळं पुसाय लागला. म्हनला, जाऊं दे गेली तर. ती उपटत न्हाई म्हंजी माजी वाट बघतीया. तिनं उपटलं न्हाई तवर मी जित्ता हाय."

राहीबाई खाली बसली.

"मागनं तुमचं पत्र आलं की तेच वाक्य आदी वाचायचा. आमी इचारायचो, नाथाजी, उपटली का? म्हनायचा, उपटली म्हनं. आन सगळी हसायची. आमच्या खंदकात तेवढंच हसू हुतं, वैनी." जोतिबानं गुडघ्यावरची टोपी हातात घेतली. "नदी वलांडायच्या आदल्या दिशी मला म्हनला, मला काय झालं तर तू आष्ट्याला जा. शेवंती फुलल्यावर जा. ती कुनाचं ऐकायची न्हाई, तारेचंबी ऐकायची न्हाई. तिला म्हनावं, मी सांगितलंय. आता उपट."

माश्या फुलांवर घोंगावत होत्या. घरातून अंबूबाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

राहीबाई उठली. पदर खोचला. पहिल्या झाडाशी बसली, अंगठा मातीवर टेकवला आणि वीत लावली. झाड तिच्या वितीच्या चौपट उंच होतं. तिनं बुडाशी मूठ घातली. मुळं जुनी झाली होती, खोल गेली होती. पहिल्या हिसक्याला झाड हललंसुद्धा नाही. जोतिबा पुढं झाला तशी ती म्हणाली, "नगं दादा. मला सांगितलंय." दुसऱ्या हिसक्याला माती फाटली आणि फुलांनी लगडलेलं झाड मुळासकट तिच्या हातात आलं, आणि तार आल्यापासून सात महिने जे रडू आलं नव्हतं ते तोंड फोडून आलं. शेजारच्या बायका धावत आल्या. परसदारी उंबऱ्याला धरून अंबूबाई उभी होती, कशी उठली देव जाणे. कुणी राहीबाईला आवरलं नाही. ती मोठ्यानं रडत होती आणि वीत लावत होती, वीत लावत होती आणि उपटत होती. काही झाडं वितीच्या जवळपास होती, तिथं थांबून तिनं पुन्हा मोजलं. रडतानाही चूक होऊ दिली नाही. दुपार कलेपर्यंत वरंब्यापलीकडं फुललेल्या झाडांचा ढीग झाला.

खाली, सावलीत, पाच झाडं उरली. पांढुरकी, अंग चोरलेली, पण उभी होती. चार वर्षांत त्यांना धड ऊन मिळालं नव्हतं.

पुढचं सांगायला फार नाही. त्या पाचांच्या काश्या तिनं माघात वेगळ्या केल्या. पुढच्या कार्तिकात पाचांतली तीन उन्हात आल्यावर वितीच्या वर गेली, ती तिनं त्याच दिवशी उपटली. उरलेल्या दोघांतलं एक एकदम फुलत नव्हतं, तेही काढलं. राहिलं एक. त्याच्या काश्यांवर काश्या करत एकोणपन्नास साली तिनं दोनशे रोपं गोणपाटात गुंडाळून सांगलीला नेली. त्या साली कार्तिकात विष्णुपंत वकिलांनी फाटकापासून पायरीपर्यंत सुतळी ताणून धरायला लावली आणि स्वतः वाकून पाहिलं. सुतळी दोनशेच्या दोनशे झाडांना टेकली होती. त्यांनी सरळ होऊन चष्मा पुसला.

बंगल्याच्या बागेचं काम मग राहीबाईच बघू लागली. एका साली जुन्या झाडांचं बी पडून ओळीत दोन-चार रोपं उंच निघाली, चांगली भरगच्च फुललेली. राहीबाईनं वीतसुद्धा न लावता ती एकामागून एक उपटली. पायरीवर वकिलांच्या पत्नी पद्माताई उभ्या होत्या. त्यांना ते बघवलं नाही.

"अगं राहीबाई, इतकी सुंदर फुललेली! हात कसा गं धजतो तुझा? मला तर पाहूनच कसंसं होतं."

राहीबाईनं मुळांची माती झटकली.

"आदी न्हवता धजत, ताई," ती म्हणाली. "तवा माजं मानूस परमुलखात हुतं."